आप्पांची पेटी आणि एकोणीस नये पैसे



जून महिना आला की आपल्या मंडळातल्या पालकांमध्ये एक चर्चा हमखास रंगते. नवी इयत्ता, नवं दप्तर आणि त्याबरोबर जुनाच प्रश्न: मुलांना महिन्याला पॉकेटमनी किती द्यायचा? कुणी म्हणतं, पाचवीपासून पाचशे. कुणी म्हणतं, एक रुपयाही नको, लागेल ते आम्ही आणून देतो. कुणी घरकामाचा दरतक्ताच फ्रिजवर लावतं: ताटं घेतली पाच रुपये, अंथरूण आवरलं पाच रुपये, झाडांना पाणी घातलं दहा रुपये. आमच्याही घरी दोन मुलं आहेत, मोठी दहा वर्षांची आणि धाकटा सात, त्यामुळे एरवी मीही या चर्चेत तावातावाने बोलतो. यंदा मात्र नुसता ऐकत होतो. कारण मे महिन्यात खानापूरला गेलो असताना याच विषयाचा माझा एक मोठा तास झाला होता. शिकवणारे होते आमचे आप्पा, आणि पाठ्यपुस्तक होतं त्यांचं मासे धरायचं सामान.

आप्पा म्हणजे माझ्या आईचे धाकटे काका. वय ७७, पोस्टातून निवृत्त. पण गावात त्यांच्या नोकरीपेक्षा त्यांच्या गळाचीच ओळख मोठी. खांद्यावर काठी टाकून नदीकडे निघाले की कुणी तरी विचारायचंच, "आप्पा, आज काय लागणार?" आप्पांचं उत्तर ठरलेलं, "लागला तर मासा, नाही तर वारा!"

गेली दोन वर्षं गुडघे त्यांना नदीचा उतार उतरू देत नाहीत. म्हणून यंदा त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली आणि सामानाची वाटणी करायचं ठरवलं. एकेक वस्तू बाहेर येत गेली आणि प्रत्येकीबरोबर तिची किंमतही. गंमत अशी की किंमत रुपयांत नव्हती. "हा गळ सहा शिंगट्यांचा." "ही दोऱ्याची गुंडी दोन रविवारांची." "ही बुट्टी एका वाममाशाची, पण तसला वाम परत लागला नाही." साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा हा हिशेब त्यांच्या तोंडपाठ होता.

नदी आणि तिचं वेळापत्रक

ज्यांनी खानापूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेळगावहून लोंढ्याकडे निघालं की सुमारे २५ किलोमीटरवर मलप्रभेच्या काठी हे गाव लागतं. कौलं, विटा आणि मातीची भांडी यांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. मलप्रभा उगम पावते ती याच तालुक्यातल्या कणकुंबीला. आणि म्हादईही आमच्याच तालुक्यातली. म्हादई पश्चिमेला घाट उतरून गोव्यात मांडवी होते. मलप्रभा पूर्वेला जाते आणि बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हणजे आमच्या तालुक्यात पडलेला पाऊस काही अरबी समुद्रात जातो, तर काही बंगालच्या उपसागरात.

आप्पांच्या लहानपणी पोरांचं वर्ष नदीच्या तालावर चालायचं. जूनमध्ये पहिले मोठे पाऊस झाले की पाणी लाल व्हायचं आणि अंडी घालायला निघालेले मासे ओढ्यांतून थेट भातखाचरांत चढायचे. हेच ते चढणीचे मासे. श्रावण-भाद्रपदात नदी भरून वाहायची, तेव्हा तिच्याजवळ जायची मनाई. दिवाळीनंतर पाणी निवळलं की गळाचा खरा मोसम सुरू व्हायचा. मे महिन्यात नदी आटून डोहांपुरती उरायची. मग पोरं करवंदं आणि जांभळांकडे वळायची. पानाच्या द्रोणात करवंदं भरून मोटार स्टँडवर विकायची, हा उन्हाळ्याचा धंदा. पावसाळा सरला की पुन्हा मासे.

यात एक अलिखित नियम होता. जाळं हे भोई मंडळींच्या पोटापाण्याचं साधन, त्याला पोरांनी हात लावायचा नाही. बाजारात त्यांच्या बायका मासे घेऊन बसत, तिथेही पोरांनी जायचं नाही. गळाला लागलेले चार-सहा मासे विकायचे असतील तर घरोघरी फिरून विकायचे. आप्पांच्या वडिलांनी हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ज्याचं पोट त्याच्यावर आहे, त्याच्या शेजारी आपलं दुकान मांडू नये."

पेटीतल्या वस्तू

सगळ्यांत आधी निघाली ती एक काडेपेटी. आत एक वाकवलेली, गंजलेली टाचणी. हा आप्पांचा पहिला गळ, वय वर्षं दहा. टाचणीला गळासारखा उलटा दात नसतो, त्यामुळे मासा आमिषही खातो आणि निसटूनही जातो. "दहा लागले तर तीन हातात," आप्पा म्हणाले. पण त्या तिनांतूनच खऱ्या गळाचे पैसे उभे राहिले.

खरे गळ बेळगावहून यायचे, नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीचे. ही कंपनी १८३२ सालची आणि गळ बनवायला लागली १८७७ पासून. नॉर्वेतल्या कारखान्यात वाकवलेली तार मलप्रभेतल्या गांडुळाच्या पोटात! गळांच्या नंबरांची एक गंमत आप्पांनी दाखवली. नंबर वाढत जातो तसा गळ लहान होत जातो. बारा नंबरचा गळ सहा नंबरच्यापेक्षा लहान. मग एक नंबरच्या पुढे मोठे गळ हवे असतील तर एकावर शून्य, दोनावर शून्य असं उलट दिशेने मोजायचं. कोणीतरी आधी लहान मोजपट्टी बनवली असणार आणि नंतर मोठे गळ लागले म्हणून ती तशीच पुढे ताणली असणार, असं माझ्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला लगेच वाटून गेलं. आमच्याकडेही असली ताणलेली कामं पुष्कळ असतात.

काठी चिव्याची. चिवा म्हणजे बारीक, भरीव बांबू. वाकतो, पण मोडत नाही. ती आप्पांच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, तोडून आणून चुलीच्या धगीवर सरळ करून दिली होती. दादांबद्दल पुढे सांगतोच.

दोरा सुरुवातीला सुती. सूत पाण्यात कुजतं, म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात ते उकळून वाळवायचं. किनाऱ्यावरचे कोळीही पूर्वी सुती जाळ्यांना सालीचा असाच रंग देत. मग आला नायलॉन. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केलं १९३८ साली, पण खानापूरच्या पोरांच्या हातात ते यायला साठचं दशक उजाडलं. न कुजणारा आणि पाण्यात न दिसणारा दोरा! आप्पा सांगतात, पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा मित्राने विचारलं होतं, "हा माशाला दिसत नाही ते ठीक, पण आपल्याला कसा दिसणार?"

दोऱ्यावर तरंगायला भेंडाचा तुकडा. ज्या हलक्या भेंडापासून लग्नातली बाशिंगं बनतात तेच भेंड. तुकडा गचकन बुडाला की समजायचं, पाहुणे आले.

आणि दोरा तळाला न्यायला शिसं. हे शिसं कुठलं असेल? छापखान्यातलं! शेजारचे एक गृहस्थ बेळगावला छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत. झिजलेले, फेकायचे खिळे ते पोरांना आणून देत. पेटीत अजून पाच-सात शिल्लक आहेत. त्यातल्या एकावर "ळ" आहे, अर्थातच उलटा. आप्पा म्हणाले, "गळातला ग दोऱ्याला नव्हता, ळ मात्र होता!" आप्पांची पिढी शिशाला बिनधास्त हात लावायची, दातांनीसुद्धा दाबायची. तुम्ही मात्र मुलांना तसं करू देऊ नका. शिसं विषारी असतं. गळाचं शिसं गिळून हंस मरायला लागले म्हणून ब्रिटनने १९८७ पासून शिशाच्या बहुतेक वजनांच्या विक्रीवर बंदी घातली. लोखंडी नट बांधला तरी काम भागतं.

पेटीत सगळ्यांत नवी वस्तू म्हणजे रीळ, ऐंशीच्या दशकात एका भाच्याने मस्कतहून आणलेलं. या प्रकारच्या रिळाचं पेटंट १९०५ सालचं, इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या कापडगिरणीवाल्याचं. बॉबिनवरून सूत जसं सरसर सुटतं तसाच दोरा या रिळावरून सुटतो. आप्पांना ते आवडतं, पण किंमत विचारली तर म्हणाले, "त्याला किंमत नाही. ते भेट आलंय."

तीन माशांचा जुडगा

आता मुख्य गोष्ट, पैशांची.

आप्पा गळ घेऊन नदीवर जायला लागले ते १९५८ च्या सुमारास. त्याच्या आदल्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ ला, आपल्या देशात दशमान नाणी आली होती. तोवर रुपयाचे १६ आणे होते. आता रुपयाचे १०० नये पैसे झाले. पण लोक काही एका रात्रीत बदलत नाहीत. भाव आण्यांतच बोलले जात आणि हातात मात्र नये पैसे पडत. १०० ला १६ ने भागलं तर एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, आणि पाव पैशाचं नाणं तर नव्हतं. म्हणून सरकारने कोष्टक ठरवून दिलं: एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५.

कोष्टक पुन्हा एकदा वाचा. आप्पांनी ते शाळेच्या भिंतीवर वाचलं होतं.

त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे रेल्वे क्वार्टर्समधली कुटुंबं. बरीचशी हुबळीकडची, कन्नड बोलणारी. त्यामुळे मासे मराठीत धरायचे आणि कन्नडमध्ये विकायचे: ओंदु, एरडु, मूरु. लहान मासा एक आण्याला. तीन बायकांना एकेक मासा विकला तर सहा-सहा करून १८ नये पैसे. पण तेच तीन मासे एका काडीत ओवून एकाच घरी दिले तर तीन आणे, म्हणजे १९! दोनाचा जुडगा केला तर फायदा नाही, चाराचा केला तर फायदा आहे पण कमी. आप्पांनी दहाव्या वर्षी हा शोध लावला आणि दुसऱ्या दिवसापासून मासे तीन-तीनच्या जुडग्यातच विकायला सुरुवात केली.

घरी आल्यावर मी हिशेब मांडून पाहिला. एक रुपयाचे १६ मासे सुटे विकले तर ९६ नये पैसे येतात. तिनाचे पाच जुडगे आणि एक सुटा असे विकले तर १०१. दशांश तोडताना पडणाऱ्या या फरकाला आम्ही राउंडिंग एरर म्हणतो आणि बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो सापडू नये म्हणून रात्री जागवतो. आप्पांनी तो माशांच्या बुट्टीत पकडला होता. माझ्या मुलीला अपूर्णांक आवडत नाहीत, पण ही गोष्ट ऐकून तिने स्वतःहून कागद घेतला आणि सात माशांचं गणित सोडवलं. सात सुट्यांचे ४२, दोन जुडगे आणि एक सुटा असे विकले तर ४४.

"याचं काय केलंस ते सांगू नकोस"

विक्री झाली की पैसे सरळ आईच्या हातात. आप्पांची आई, म्हणजे माझी पणजी, ते मोजून तांदळाच्या डब्यात ठेवायची. मग त्यातली एक पावली, म्हणजे पंचवीस पैसे, आप्पांच्या हातावर परत ठेवायची आणि म्हणायची, "ही तुझी. याचं काय केलंस ते मला सांगू नकोस."

हे वाक्य सांगताना आप्पा थोडा वेळ थांबले. घरात त्या काळी पावलीची किंमत काय होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नको त्या गोष्टीत ती उडाली तर आईला वाईट वाटणार हेही ठाऊक होतं. पण आईने कधी विचारलं नाही. पहिल्या पावलीची त्यांनी जत्रेत भिंगरी घेतली, ती घरी पोचायच्या आत मोडली. दुसरीचे शेंगदाणे आणि गोळ्या. तिसरी मात्र खर्चच होईना. "एकदा पैसा उडाला, दोनदा उडाला, तिसऱ्यांदा हाताला वजन कळलं," असं त्यांचं म्हणणं. त्या तिसऱ्या आणि चौथ्या पावलीतून खरे गळ आले. गळांमुळे मासे वाढले, माशांमुळे दोरा आला, दोऱ्यामुळे मोठे मासे, मोठ्या माशांतून बुट्टी. आठवीत असताना कंपासपेटी त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली. ती पोस्टात नोकरीला लागेपर्यंत वापरली.

इथवर ऐकून मला वाटलं, लेख झाला. कष्टाचा पैसा, स्वावलंबन, आजच्या मुलांना काही किंमत नाही वगैरे. आप्पांना माझा चेहरा वाचता आला असावा. ते म्हणाले, "थांब. दादाचं ऐकल्याशिवाय लिहू नकोस."

दादा आप्पांहून पाच वर्षांनी मोठे. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली आणि ते कौलांच्या कामावर जायला लागले. चिखल तुडवायचा, ओली कौलं उन्हात मांडायची, वाळली की भट्टीकडे वाहायची. मजुरी आठवड्याला मिळे आणि ती मुकादम थेट वडिलांच्या हातात देई. वडील दुष्ट नव्हते. घरात सात माणसं होती आणि शेत थोडं होतं. दादांच्या मजुरीत घर चाललं आणि आप्पांची शाळाही चालली.

"माझ्या दसपट पैसा दादा मिळवत होता," आप्पा म्हणाले, "पण खिसा होता तो माझ्या चड्डीला. त्याला कुणी पावली दिली नाही. द्यायला उरतच नव्हती."

दादांना गळाचा नाद आप्पांपेक्षा जास्त. म्हणूनच तर इतकी सरळ काठी ते करू शकले. पण नदीवर जायला त्यांना सुट्टीच नसे. एकदा आप्पांनी दोन पावल्या साठवून दादांना बेळगावला नेलं, सोडा पाजला आणि सिनेमा दाखवला. परत येताना गाडीत दादांनी विचारलं, "हे पैसे आईला माहीत आहेत?" आप्पा म्हणाले, "आईनंच दिलेत. काय केलं ते सांगू नको म्हणाली." दादा गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले ते खानापूर येईपर्यंत.

दादांना जाऊन नऊ वर्षं झाली. आप्पा म्हणाले, "लिहिणार असशील तर एवढं लिही. पोरानं कमवावं. पण घर त्याच्या कमाईवर चालू नये. दोन्हीत फार फरक आहे. मी पहिल्यातला, दादा दुसऱ्यातला. आम्ही एकाच घरातले."

मासे बदलले, नावं उरली

पेटी बघताना माझ्या मुलाने विचारलं, "आप्पा, शिंगटी म्हणजे काय?" मिशा असलेला, पाठीला आणि कडेला काटे असलेला हा मासा. काटा लागला की तासभर ठणका. मी त्याला एक मजेची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांचा अभ्यास करून १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णनं मांडली. लॅटिन नावं देताना त्याने कित्येक ठिकाणी इथली बोलीतली नावंच उचलली. त्यामुळे शिंगटीचं शास्त्रीय नाव आजही मिस्टस सींगटी आहे, मळ्याचं गारा मल्या आणि कोळशीच्या नावात कोलस. जगातल्या कुठल्याही देशाच्या शास्त्रज्ञाला या माशांबद्दल लिहायचं तर मराठीच शब्द वापरावा लागतो! आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

आप्पांच्या बुट्टीतला माल मात्र बदलत गेला. शिंगटी आणि कोळस कमी झाले, चिलापी वाढली. चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, भारतात आणली गेली १९५२ साली. काटक आणि झपाट्याने वाढणारी. आप्पांचा राग तिच्यावर नाही, तो सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर आहे. एका धमाक्यात मोठे मासे वर येतात आणि त्यांच्याबरोबर पिल्लंही मरतात. स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारणं हा १८९७ च्या फिशरीज कायद्यापासून गुन्हा आहे. कायदा आप्पांच्या वडिलांच्याही आधीचा, पण नदीवर तो दिसला पाहिजे ना! चढणीच्या माशांबद्दलही आता त्यांचं मत बदललंय. "पोटात अंडी असलेला मासा धरला म्हणजे पुढच्या वर्षीचा जुडगा आजच विकला."

तुम्ही सुट्टीत मुलांना गळ टाकायला नेणार असाल तर तिथल्या मत्स्य खात्याकडे परवान्याची चौकशी आधी करा. अभयारण्यात गळ टाकायचा नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आणि पावसाळ्यात नदीजवळ मुलांना अजिबात नेऊ नका. आप्पांच्या आईची मनाई आजही तितकीच खरी.

मग आपण काय करायचं?

आता पॉकेटमनीच्या चर्चेकडे येतो. आपल्या मुलांवर घर चालत नाही, हे आपलं भाग्य. दादांसारख्यांच्या मजुरीवर आपल्या आधीच्या पिढ्या शिकल्या, म्हणून ही वेळ आली. कायदाही आता तेच सांगतो. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. शाळा सांभाळून घरच्या व्यवसायात, धोका नसलेल्या कामात हातभार लावायची तेवढी मुभा आहे. म्हणजे दादांचं काम आज गुन्हा ठरेल, आणि आप्पांचं चालेल.

पण आप्पांना जे मिळालं ते आपण मुलांना देतो का? फ्रिजवरच्या दरतक्त्यात मला एकच अडचण दिसते. ताट घेणं, अंथरूण आवरणं ही घराची कामं, ती घरात राहतो म्हणून करायची. त्याला मजुरी लावली की आपण मुकादम होतो. आणि नुसता महिन्याचा पॉकेटमनी दिला तर मुलाला रक्कम कळते, पण ती किती शिंगट्यांची हे कळत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे: मुलाने स्वतः शोधलेलं काम, स्वतःचं सामान, स्वतः ठरवलेला भाव आणि बाहेरचं गिऱ्हाईक. गणपतीत आपल्या मंडळाच्या आनंद मेळ्यात मुलांचे स्टॉल असतात. त्यात आपण पालकच भेळ कालवतो, आपणच गल्ला सांभाळतो आणि मुलं फोटोपुरती उभी राहतात. यंदा सामान आणण्यापासून उरलेल्या कुरमुऱ्यांपर्यंत सगळं त्यांच्यावर सोडून बघूया का? नुकसान झालं तर होऊ दे. भिंगरी मोडल्याशिवाय तिसरी पावली टिकत नाही.

एक व्यावहारिक माहिती. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं उघडून द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना परवानगी दिली आहे. मर्यादा आणि अटी बँकेनुसार बदलतात, जवळच्या शाखेत विचारा.

आमच्या मुलीने दिवाळीसाठी आकाशकंदील करून सोसायटीत विकायचं ठरवलं आहे. पहिल्या कागदाचे पैसे आम्ही उसने दिलेत, ते तिने फेडायचे आहेत. उरतील त्यातले अर्धे खात्यात आणि अर्धे तिचे. त्या अर्ध्याचं काय करते ते आम्ही विचारायचं नाही, असं मी आणि बायकोने ठरवलंय. सगळ्यांत अवघड भाग हाच आहे. पणजीला ते कसं जमलं असेल कोण जाणे. तिच्याकडे तर पावली खरोखरच मोजकी होती.

पेटीची वाटणी झाली. रीळ आणि नायलॉन शेजारच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाला, तो दर रविवारी नदीवर असतो. बुट्टी आईने मागून घेतली. चिव्याची काठी दादांच्या नातवाकडे गेली. तो कधी गळ टाकेल असं वाटत नाही, पण काठी त्याच्याच घरी राहायला हवी, असं आप्पांचं म्हणणं पडलं. मला "ळ" मिळाला. आणि टाचणीची काडेपेटी माझ्या मुलीला.

मंडळी, तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना एकदा विचारा, त्यांची पहिली कमाई कशाची होती आणि त्यातलं स्वतःचं असं त्यांच्याकडे काय राहिलं. एखाद्या घरात उत्तर "काहीच नाही" असंही येईल. तेही ऐकून घ्या. आणि दिवाळी अंकासाठी चार ओळी लिहून जरूर पाठवा.

भेटूया पुढच्या महिन्यात!